हिमालयात न्यायचा ओटा

आमच्याकडे तीन दीडशहाणे आहेत: माझा नवरा, माझा दीर आणि माझी जाऊ. हे तिघं रविवारी सकाळी एकत्र बसले की आधी मिसळ येते आणि मग अक्कल जाते. दिवाळीनंतरच्या अशाच एका रविवारी मिसळ आली. वाट्या रिकाम्या होईपर्यंत ठरलंसुद्धा, की मोटारहोम बनवायचं आणि हिमालयातल्या उंच उंच खिंडी पार करायच्या.

मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. दिराने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला होता. त्यात कुणी गोरं जोडपं बर्फाच्या कडेला गाडी लावून, खुर्च्या टाकून कॉफी पीत बसलं होतं. आमच्या ह्यांना तेवढं पुरलं. पुढच्याच आठवड्यात सिडकोतल्या आमच्या दारासमोर कुठल्याशा शाळेची मोडीत निघालेली मिनीबस येऊन उभी राहिली. पिवळीधम्मक. "रंग नंतर देऊ," हे म्हणाले. तो अजून द्यायचाच आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हणाल ही बाई नुसती नावं ठेवते. मला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. नाशकात घर असलं की काय होतं, ते त्या घरातल्या बाईला विचारा. कुणाच्या सासऱ्याचा दहावा गंगेवर, कुणाची शांत त्र्यंबकला, आणि झाडून सगळ्यांची जेवणं आमच्याकडे. "तुमचं नाशकात आहे म्हणून बरं हो," हे ऐकत ऐकत माझे केस पांढरे झाले. सहलीला गेलो तरी तीच तऱ्हा. ह्या लोकांना बाहेरचं सोसत नाही, म्हणून मी माथेरानला पोळ्या लाटल्या, दापोलीला लाटल्या, एकदा तर धर्मशाळेच्या जिन्यात बसून लाटल्या. मला एकदाच कुठल्यातरी खिंडीत नुसतं उभं राहायचं होतं. हातात काहीही न धरता. हे मी कुणाला बोलले नव्हते. सांगून ह्यांच्या डोक्यात शिरतं कुठे?

मग सुरू झाल्या बैठका. दिराला बॅटऱ्या हव्या होत्या, इन्व्हर्टर हवा होता, टीव्ही हवा होता. ह्या माणसाची आजवरची सगळ्यात मोठी चढाई म्हणजे सप्तशृंगीचा गड, तोही ट्रॉलीत बसून. पण बारालाचा, खारदुंग अशी खिंडींची नावं तो असा घ्यायचा, जणू तिथे त्याचं आजोळ आहे. जावेला संगमरवरी देवघर हवं होतं. शिवाय घोटीच्या तांदळाची पिंपं, डाळी, पापड, कुरडया.

"तिकडे काय मिळतंय ताई?" ती मला म्हणाली.

"अगं, माणसं राहतात तिकडे."

"राहत असतील. पण कुरडया?"

कप्पाळ!

पण सगळ्यांवर कडी केली ती आमच्या ह्यांनी. ह्यांचा उभा जन्म ओझरला विमानाच्या कारखान्यात गेला. तिथे म्हणे एकेका स्क्रूचं वजन बघतात. लग्न झाल्यापासून मला हे ऐकवतायत. त्याच माणसाने मिनीबसमध्ये काय बसवावं? कडप्प्याचा ओटा! चांगला जाडजूड, काळाभोर, खाली लोखंडी सांगाडा, शेजारी स्टीलचं सिंक. "अहो, विमानात कधी कडप्पा बसवला होतात का?" मी विचारलं. "तुला नाही कळायचं," हे म्हणाले. त्याआधी एकदा मला भिंतीशी उभं करून माझ्या कोपराची उंची टेपने मोजली होती. कशाला, ते सांगितलं नव्हतं. मला वाटलं, निवृत्त माणूस आहे, काहीतरी मोजायला हवं.

हिमालयाआधी रंगीत तालीम म्हणून कसारा घाट उतरून परत चढायचं ठरलं. इगतपुरीच्या पुढे घाटनदेवीला नारळ फोडला, जावेने चिवडा वाटला आणि आम्ही उतरलो. उतरायला काय, धोंडासुद्धा उतरतो. दिराने लगेच गाडीचं कौतुक सुरू केलं. खाली वळलो आणि चढायला लागलो, तेव्हा गाडी आधी कण्हली, मग रडली, आणि अर्ध्या घाटात तिच्या तोंडातून वाफ आली. सिमेंटने भरलेले ट्रक आम्हाला मागे टाकून जात होते. एका ड्रायव्हरने तर डोकं बाहेर काढून विचारलं, "ओ काका, शाळा सुटली का?"

कडेला एक चहाची टपरी होती, तिथे गाडी थांबवली. वजन कमी केल्याशिवाय ही वर जाणार नाही, हे माझ्यासारख्या बाईलाही दिसत होतं. पण दीर बॅटऱ्यांना हात लावू देईना. जाऊ म्हणाली, "देव काय रस्त्यावर उतरवायचे?" हे इंजिनाकडे बघत उभे होते. चेहरा पार उतरला होता. शेवटी म्हणाले, "जाऊ दे. रद्द करू. विकून टाकू ही गाडी."

इतके महिने ह्या मूर्खांचं ऐकून घेतलं ते कशासाठी?

"तो ओटा काढा आधी," मी म्हणाले.

हे एकदम भडकले. "ओट्याला हात लावायचा नाही! तुझ्यासाठी केलाय तो. खाली बसून तुला होत नाही, वाकून कंबर धरते. तुझ्या कोपराचं माप घेऊन केलाय."

खरं सांगते, मला रडू आलं, आणि त्याच क्षणी तो टेप ह्यांच्या डोक्यात घालावासाही वाटला. एवढी माया, आणि तिचा शेवट कडप्प्यात!

"अहो, माप घेतलंत," मी म्हणाले, "पण मला विचारलंत का? मला तिथे स्वयंपाक करायचाच नाहीये. एक पोळीसुद्धा नाही. मला वर जाऊन नुसतं उभं राहायचंय."

मग दिराने तोंड उघडलं. "पण वहिनी, मग जेवायचं काय?"

बघा! घाटात गाडी उकळतेय आणि ह्याला जेवणाची पडलीय. हे गाडीत गेले, पाना काढला आणि ओट्याचे बोल्ट स्वतः खोलायला बसले. टपरीवाला मदतीला आला. सांगाड्यासकट तो ओटा टपरीत गेला आणि आम्ही तिथे असतानाच त्याच्यावर स्टोव्ह चढला. तेवढ्यात मी पिंपंही तिथेच उतरवून टाकली. जाऊ घोटी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. गाडी कुरकुरत का होईना, वर आली.

जूनमध्ये आम्ही गेलो. खिंडीत पोचलो तेव्हा वारा असा होता की कान दुखत होते. सगळीकडे बर्फ, दगड आणि झेंड्यांच्या माळा. हे गाडीच्या आडोशाला बसून लहानशा शेगडीवर खिचडी लावत होते, जन्मात पहिल्यांदा. मी थोडी पुढे जाऊन स्वेटरच्या खिशात हात घालून उभी राहिले. खूप वेळ.

"अगं, मीठ किती घालू?" मागून हाक आली.

मला ऐकू आलं. मी वळले नाही.

त्या उंचीवर उघड्या पातेल्यात तांदूळ शिजत नाही म्हणे. कुकर घरी ठेवायचं काम मीच केलं होतं. खिचडी कच्ची होती, अळणी होती, खाली लागली होती. दिराने आणि जावेने दोन घास खाऊन ताटल्या बाजूला ठेवल्या. हे माझ्या तोंडाकडे बघत बसले होते.

मी पुन्हा वाढून घेतली.