गाडीतली सवाष्ण

आमची जीप परकराच्या नाड्याच्या मापाने उंच केलेली आहे. नाडा माझा होता. गाठही मीच मारली होती.

हे असं कसं झालं ते सांगते. माझे गुडघे गेले त्याला बरीच वर्षं झाली. गेले म्हणजे जागेवर आहेत, पण कामाला येत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, आजी, खाली बसायचं नाही, आणि बसलात तर उठायचं नाही. (दुसरा भाग मी माझ्या मनाने जोडला.) तेव्हा प्रशांतकडे, म्हणजे आमच्या मुलाकडे, एक बुटकी मोटार होती. तिच्यात मी बसत नसे, पडत असे. उतरायची वेळ आली की प्रशांत बाहेरून दोन्ही हात धरून ओढायचा आणि त्याचे बाबा मागून ढकलायचे. विहिरीत पडलेली बादली काढावी, तसं. रायपूरच्या गुढियारीतल्या आमच्या गल्लीत हा कार्यक्रम बघायला लोक चहाचे कप घेऊन बाहेर येत.

मग प्रशांतने ती मोटार विकून एक जुनी जीप घेतली. रविवारी चार मित्र मिळून जंगलात जातात, चिखलात गाडी फसवतात आणि संध्याकाळपर्यंत ती काढतात. याला ते छंद म्हणतात. एकदा जेवताना म्हणाला, "आई, गाडी के टायर बड़े करवाने हैं. और सस्पेंशन भी लिफ्ट करवाऊँगा."

(आमच्या मुलाला मराठी सगळं समजतं, तोंडातून मात्र हिंदी निघते. रायपुरातच जन्मला, त्याला इलाज नाही.)

"म्हंजे नेमकं काय करून राहिला तू?"

"मतलब स्प्रिंग ऊँची होगी, गाडी ऊपर उठ जाएगी. नीचे से पत्थर नहीं लगेगा."

सूनबाई बँकेत आहे, तिला हिशेबाची सवय. ती म्हणाली, "काही गरज नाही." मीही तेच म्हणणार होते, पण माझ्या कानात एकच शब्द अडकला होता, उंच. आणि आमचे हे, जे जन्मभर मालगाडीचे गार्ड होते आणि जेवताना कधी बोलत नाहीत, त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"आपल्या ओट्याच्या लेवलले आली पाहिजे गाडी," ते म्हणाले. "प्लॅटफॉर्म अन् डबा. पाय उचलाचं कामच नाही. सरळ आत."

आमच्या घरात इतकं शहाणपणाचं कोणी फार दिवसांनी बोललं होतं. आमचा ओटा चांगला तीन पायऱ्यांचा. जीपचा तळ त्याच्या बरोबरीला आला की मी दारातून निघून, पाय न उचलता, थेट गाडीत. बादली विहिरीच्या काठावरच राहणार! मी जीपच्या बाजूने मत दिलं. सूनबाई हरली.

मापाला टेप सापडेना. तेव्हा मी परकराचा नाडा काढला, एक टोक ह्यांच्याकडून जमिनीला धरवलं आणि ओट्याच्या काठाशी आलं तिथे गाठ मारली. तो नाडा घेऊन मी स्वतः प्रशांतबरोबर गॅरेजात गेले. मिस्त्रीने तो दोन्ही हातांनी घेतला, देवळातला गंडा घ्यावा तसा.

"अम्मा, ये क्या है?"

"नाप है. जमीन से गाडी का फर्श, गाँठ तक."

मिस्त्रीने प्रशांतकडे बघितलं. प्रशांत आभाळाकडे बघत होता.

"अम्मा, लोग तो इंच में बताते हैं."

"लोगों के घर में ओटा नहीं होगा."

"हव अम्मा," तो म्हणाला, आणि नाडा त्याने पान्यांच्या शेजारी खिळ्याला लटकवला. नंतर कळलं की तिथली बाकीची गिऱ्हाइकं त्याला विचारत होती, हे कुठलं नवीन हत्यार.

जीप आली ती ट्रॅक्टरचे जोडे घालून आल्यासारखी. चाकं माझ्या कमरेएवढी. स्प्रिंगांच्या जागी लांब स्प्रिंगा, चाकं वळताना पत्र्याला घासतात म्हणून पत्राही थोडा कापलेला. हँडब्रेकची तार तेवढी आखूड पडली होती. मिस्त्रीने सांगितलं, दुसरी येईपर्यंत उतारावर गाडी उभी केली तर पाय ब्रेकवरून काढायचा नाही. आम्ही कोणी नीट ऐकलं नाही. आम्ही ओटा बघत होतो. प्रशांतने जीप ओट्याला लावली, आणि गाठीत काडीचाही फरक नाही. मी एक पाऊल टाकलं आणि आत. एक पाऊल टाकलं आणि बाहेर. गल्ली चहाचे कप घेऊन आली होती, ती हिरमुसून परत गेली. मी मात्र दिवे लागेपर्यंत आत-बाहेर करत होते, आणि हे ओट्यावर उभे राहून हिरवा रुमाल दाखवत होते.

त्याच उत्साहात मी पुरानी बस्तीत माझ्या नणंदेला फोन केला. कुसुमताई माझ्याहून मोठ्या, आणि त्यांचं सोवळं त्यांच्याहून मोठं. त्यांच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात आणि जेवणाच्या दिवशी माहेरची सवाष्ण म्हणून दरवर्षी मी जाते.

"ताई, यंदा मी कोणाचा हात न धरता येते," मी म्हणाले.

"बघू," ताई म्हणाल्या. नणंदा एवढंच म्हणतात.

आता ज्यांच्या घरी महालक्ष्म्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. नैवेद्य झाला की सवाष्णीचे पाय धुवायचे, तिला पाटावर बसवायचं, आणि तिने पहिला घास घेतल्याशिवाय घरातलं कोणी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. तिचं पान वाढून होईपर्यंत वाढणाऱ्यांचं सोवळं, म्हणजे बाहेरून आलेल्या कोणाला शिवायचं नाही. थोडक्यात, माझ्या तोंडात पुरणपोळी गेली नाही तर ताईच्या घरची वीस-पंचवीस माणसं उपाशी. (त्यात ताईंना साखरेचा आजार. त्यांना वेळेवर खायला लागतं.)

त्या दिवशी मी जरीचं नऊवारी नेसून, नथ घालून, ओट्यावरून जीपमध्ये पाऊल टाकलं. हे मागे बसले. सूनबाई बँकेतून संध्याकाळी येणार होती. जीप हत्तीसारखी डुलत निघाली. वाटेत ऑटोवाले आपोआप बाजूला होत होते. इतका मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

पुरानी बस्तीच्या बोळात शिरलो, ताईच्या दारासमोर थांबलो, दार उघडलं, मी पाय बाहेर काढला आणि तो तसाच हवेत राहिला.

खाली ओटा नव्हता.

म्हणजे पूर्वी होता. पण तिथला रस्ता दरवेळी सिमेंट घालून वर येत गेला आणि घर बिचारं जिथे होतं तिथेच राहिलं. आता ताईच्या घरात पायरी चढून नाही, उतरून जावं लागतं. हे मला ठाऊक होतं. दरवर्षी मी तिथेच ठेचकाळते. पण आम्ही तिघांनी मिळून अख्खी जीप चढण्यासाठी बांधून घेतली होती, उतरण्याचा विचार कोणीच केला नव्हता.

मी खाली बघितलं. जमीन फार लांब होती.

"प्रशांत, उतरव मले."

"आई, ढलान है. ब्रेक से पैर हटाया तो गाडी सीधे बुआ के घर में जाएगी."

"अहो, तुम्ही तरी उतरा."

मागून आवाज आला, "मी कसा उतरू? प्लॅटफॉर्मच नाही." सवाष्ण असल्याचा माझा जिताजागता पुरावा मागे बसला होता, पण त्याचा दुसरा काही उपयोग नव्हता.

तोवर ताई ओलेत्या सोवळ्यात दारात आल्या. मागे भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, पंचा नेसून. त्यांच्या मागे सगळे भुकेले पाहुणे.

"या न वहिनी. नैवेद्य झाला."

"येते ना," मी म्हणाले आणि हलले नाही.

"काहून बसून राहिल्या?"

"जरा वारा खाते."

ताईंनी माझ्या हवेतल्या पायांकडे बघितलं, मग चाकांकडे. "हात न धरता येतो म्हणल्या होत्या तुम्ही," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी तर सोवळ्यात आहो, मले धरताही येत नाही."

स्टूल आणलं. ते उतारावर डगमगलं. त्याखाली वीट लावली, मग ते दुसऱ्या बाजूला डगमगलं. पाहुण्यांतले तीन धडधाकट जण पुढे आले, म्हणाले, "मामी, हम उठा लेते हैं." मी साफ नाही म्हटलं. महालक्ष्मीच्या दिवशी सवाष्ण पोत्यासारखी उतरवून घ्यायची? शिवाय त्यातल्या एकाला त्याच्या लहानपणी मी झोक्यावरून पाडलं होतं. त्याचा भरवसा नव्हता.

तेवढ्यात ताई दाराच्या चौकटीला टेकल्या. कपाळावर घाम. "मले जरा गरगरून राहिलं," म्हणाल्या.

आता मात्र माझी हौस उतरली. "ताई, तुम्ही खाऊन घ्या. माझं राहू द्या."

"सवाष्णीच्या आधी? या घरात?" घामाघूम होऊनही त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी नथ सारखी केली.

"मग मी उडी मारते," मी म्हणाले आणि खरंच पुढे सरकले. तिघे धडधाकट मागे सरकले.

"थांबा," भाऊजी म्हणाले. भाऊजी कमी बोलतात, पण त्यांना भूक सहन होत नाही. त्यांनी वर बघितलं. दाराच्या वर घराचा छज्जा आहे आणि जीप इतकी उंच, की तिचं टप त्याला खालून टेकलं होतं. "वहिनी कुठे बसल्या आहेत? आपल्या छज्ज्याखाली. छज्जा कोणाचा? घराचा. म्हणजे वहिनी घरात आल्या. बसायला उंच आसन आहे. पाय वरून पाणी घालून धुवा, शिवायचं कामच नाही. वाढा."

ताईंनी क्षणभर विचार केला. एरवी त्यांनी चार हरकती काढल्या असत्या. पण पोटात काही नसलं की शास्त्र लवकर पटतं.

भाऊजींनी परात धरली. ताईंनी तांब्यातून पाणी घातलं, वरूनच हळद टाकली, कुंकू टाकलं, फुलं वाहिली. माझे पाय बरोबर त्यांच्या छातीपाशी होते, त्यांना जरासुद्धा वाकावं लागलं नाही. थोडं कुंकू टायरवर पडलं.

तेव्हाच बोळातून भाजीची टोपली घेतलेली एक बाई चालली होती. जरीचं लुगडं, नथ, फुलांनी झाकलेले पाय आणि खाली हात जोडलेली गर्दी बघून तिने टोपली उतरवली, डोकं टेकलं आणि प्रशांतला विचारलं, "कोन माता ए, भैया?"

"मेरी माता है," प्रशांत स्टेअरिंग धरून म्हणाला. "उतर नहीं रही."

मांडीवर पाट, पाटावर पत्रावळ. पुरणपोळी, आंबील, कढी, भाज्या, सगळं लांबून वाढलं. मी पहिला घास घेतला आणि मान वर केली, तर दारातली गर्दी नाहीशी झालेली. सगळे आत पानांवर. ताईंनी उभ्याउभ्याच दोन घास खाल्ले आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. तेव्हा कुठे माझा घास खाली उतरला. ह्यांना मागच्या सीटवर वेगळं पान मिळालं. प्रशांतला एका हाताने भरवलं गेलं, कारण पाय ब्रेकवर. देवींचं दर्शन मी दहा पावलांवरून मोबाईलवर, व्हिडिओ कॉलवर घेतलं. ओटी गाडीतच भरली. घरी येऊन ओट्यावर पाऊल ठेवलं, तेव्हा कळलं की दिवसभरात माझे पाय जमिनीला लागलेच नव्हते.

दुसऱ्याच आठवड्यात हँडब्रेकची तार आली आणि प्रशांतने दोन्ही बाजूंना लोखंडी पायदान बसवून घेतलं, दोन पायऱ्यांचं, धरायला दांडीसकट. मी वर्षभर त्याचा सराव केला. आता मी भाजीबाजारातही उतरते.

परवा ताईंचा फोन आला. महालक्ष्म्या जवळ आल्या.

"येते ना ताई," मी म्हणाले. "अन् यंदा तुम्हाले काहीच त्रास नाही. पायदान लावलं. मी उतरून, चालत घरात येईन."

तिकडे ताई खाकरल्या.

"वहिनी, राग नका मानू," ताई म्हणाल्या. "पण माझी कंबर आता मुळीच वाकत नाही. मागच्या साली पाय धुवाले किती सोपं गेलं होतं. ते पायदान काढून येता काय?"

तेव्हा सध्या अंगणात प्रशांत पाना घेऊन जीपखाली शिरला आहे आणि मी शेजारी खुर्ची टाकून बसले आहे. मला उतरता येऊ नये, याची व्यवस्था चोख होते आहे की नाही, हे घरातल्या कोणा मोठ्या माणसाने बघायला नको का?