विरजणवाले मामा

मामांचं दोन वर्षांचं काम मी एका बटणात पुसलं. वर त्यांनाच विचारलं, "आता कॉम्प्युटर कसा भरभर चालतोय, नाही?"

हे मामा माझे कोणी नव्हते. मध्य प्रदेशातल्या देवासच्या आमच्या कॉलनीत ते सगळ्यांचेच मामा. पीथमपूरला एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचे, एकटे राहायचे आणि दही असं लावायचे की आमच्या बायका आम्हाला त्यांचं उदाहरण देत. रविवारी कोणाच्याही दारात उभे : एका हातात विरजणाची वाटी, दुसऱ्या हातात लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या फुकट प्रणालीची, सीडी. "दोन्ही लावा, आणि पुढे द्या."

"फुकट आहे म्हणजे चोरीचं असणार," मी शहाणपणानं म्हणालो.

"अरे भिया, विरजण कोणी चोरतं का? मागतात! पूर्वी युनिक्स नावाची अशीच प्रणाली विद्यापीठांतून वाटीवाटीनं फिरायची. उघडून बघा, बदला, पुढे द्या. मग कंपन्यांनी दही विकायला काढलं आणि विरजण कुलपात ठेवलं. अमेरिकेत एका हट्टी माणसाची सटकली. तो म्हणाला, मी सगळं नव्यानं लिहून उघड्यावर ठेवतो. बरंच लिहिलं, पण आतला गाभा होईना. तो फिनलंडच्या एका विद्यार्थ्यानं लिहिला, तेच हे लिनक्स, आणि जगाला म्हणाला, घ्या, चुका काढा."

"लोकांनी काढल्या?"

"चुका काढायला लोक कधी कमी पडलेत का?"

आमची पोरं हिंदी शाळेतली. मराठी बोलायची, पण वाचताना अडखळायची. म्हणून मामांनी दोन वर्षं खपून लिनक्सच्या पडद्यावरचे शब्द एकेक करून मराठीत आणले. दसऱ्याला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, जुन्या कॉम्प्युटरांवर, पोरांचा वर्ग सुरू व्हायचा होता.

दसरा आठवड्यावर आला तेव्हा मामा मला शेजारी घेऊन आपल्या कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती चढवायला बसले आणि मध्येच चहा ठेवायला आत गेले. पडद्यानं विचारलं, पूर्ण डिस्क वापरू का? जावयाला वाढताना हात आखडता घेऊ नये, तसं मी 'हो' म्हटलं, आणि जुनं सगळं पुसलं गेलं.

मामांनी पडदा पाहिला. कप खाली ठेवला. "तुला माझ्या कामाची सीडी दिली होती. ती आण."

ती मी पोपट येऊ नयेत म्हणून पेरूच्या झाडाला टांगली होती. दोऱ्यासकट आणून दिली. मामांनी उजेडात धरली. उन्हानं चंदेरी थर उडाला होता, पलीकडची खिडकी दिसत होती.

"पोपट तरी घाबरले का?"

"नाही."

त्या रविवारी मामा कोणाच्याच दारात आले नाहीत. मी मात्र तीच सीडी शोधत घरोघर फिरलो. कोणाच्या सीडीवर चहाचा कप होता, कोणाची पोरानं चाक म्हणून गाडीला लावली होती. शेवटी बस धरून धारला गेलो, पूर्वी मामांकडे कॉम्प्युटर शिकलेल्या सुलूताईंकडे. त्या शाळेत शिकवायच्या. म्हणाल्या, "किती हव्यात? सगळ्या वर्गाला वाटल्यात. आणि मामांना सांगा, त्यांचे काही शब्द फार जड होते हो. पोरांना कळेनात, म्हणून बदललेत."

मला वाटलं, मामा चिडतील. ते प्रत्येक दुरुस्ती वाचत गेले आणि मांडीवर थाप मारत गेले. "विरजण माझं, पण दही हिचं घट्ट लागलंय!" दसऱ्याला वर्ग सुरू झाला.

निवृत्त झाल्यावर मामा पुतण्याकडे साताऱ्याला निघाले. बसस्टँडवर मी पाया पडलो आणि म्हणालो, "मामा, आठवण म्हणून एक सीडी द्या ना."

त्यांनी पिशवीतून घट्ट झाकणाची डबी काढून माझ्या हातात ठेवली. विरजण होतं.

"सीडी नाही. तुला हेच बरं. झाडाला टांगता येत नाही."