अकरावा अडॅप्टर

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या लछमनदास शेठच्या गाळ्यात नीलिमा व्हिडिओ गेमचे अडॅप्टर बनवायची. आयटीआय झालेली, हाताला वळण असलेली बाई. गिऱ्हाइकं गेमच्या रंगीत डब्याकडे बघत, कॅसेटी किती मिळतात ते विचारत. ती मात्र म्हणायची, "गेम कुठलाही घ्या, आधी त्याचा अडॅप्टर बघा. भिंतीतली वीज गेमपर्यंत तोच आणतो."

त्र्याण्णवचा एप्रिल. पोरांच्या सुट्ट्या लागलेल्या, माल हातोहात खपत होता. बहिणीच्या लग्नाची तीन दिवसांची रजा संपवून नीलिमा कामावर आली, तर इन्सुलेशनच्या कागदाचा रोल ती ठेवून गेली होती तसाच होता.

"गंगू, तीन दिवसांत किती पीस केलेस?"

"अकरा," शेजारच्या टेबलावरची गंगू म्हणाली. "शेठ बोलले, कागद लावायला टाइम जातो, राहू दे."

अडॅप्टरच्या आत तारेच्या दोन गुंडाळ्यांमध्ये तो कागद नसला तर घरातली वीज सरळ खेळणाऱ्याच्या हातात उतरू शकते. अकरातले सहा पीस अजून फळीवर होते. पाच विकले गेले होते.

लछमनदास शेठ गल्ल्यावर बसले होते. विकलेले पाच परत आणायला हवेत, असं नीलिमाने सांगितलं तरी त्यांनी मान वर केली नाही. "किसी को कुछ हुआ क्या? नाही ना? मग गप बस. परत मागायला गेलीस तर मार्केटमध्ये नाव जाईल."

"झाल्यावर जाऊन काय करू, शेठ?"

"मग उद्यापासून येऊ नकोस."

नीलिमाने गॅरंटीच्या वहीतून पाच पत्ते उतरवून घेतले आणि कपाटातले तिच्या हातचे, कागद लावलेले पाच जुने अडॅप्टर पिशवीत टाकले. शेठ बघत राहिले, पण त्यांनी अडवलं नाही. दुपारपर्यंत उल्हासनगरातले तीन बदलून झाले. शहाडला एका बाईने दारातच उलटतपासणी घेतली, मग चौथा दिला. उरला मोरिवलीचा, हरिचंद्र म्हात्रे नावाचा. पत्त्यात फक्त 'देवळामागे' एवढंच.

लोकलने अंबरनाथला उतरून ती कंपन्यांच्या रस्त्याने मोरिवलीपर्यंत जवळजवळ पळतच गेली. घर सापडलं. दार उघडंच होतं. ओटीवर नुकतंच सारवलेलं, अजून ओलं होतं. आत टीव्हीसमोर हरिचंद्राची आई, सगुणाबाई, उघड्या पायांनी बसली होती. गेमचा रिमोट तिच्याच हातात होता. पडद्यावर रणगाडे पळत होते.

"आजी, हात काढा त्यावरून. आधी हात काढा."

"थांब गो बाय, शेवटचा जीव हाय माजा."

नीलिमाने चपलांसकट ओलं सारवण तुडवलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला. सगुणाबाई संतापून उठली. "कोन तू? घरात घुसून..."

नीलिमाला धाप लागली होती. तिने विचारलं, "आजी, खेळताना हाताला मुंग्या येतात का?"

म्हातारी थबकली. "येतान. सांजच्याला जास्त. मी म्हनलं, वयाचं असंल."

आवाज ऐकून सून आतून धावत आली. नीलिमाने दोघींना लांब केलं, बटण परत चालू केलं आणि टीव्हीत जाणाऱ्या वायरच्या धातूला टेस्टर लावला. टेस्टर लाल पेटला. ते बघून सुनेने सासूला आणखी मागे ओढलं.

बटण बंद करून तिने पिशवीतला शेवटचा अडॅप्टर लावला आणि तीनदा तपासला. मग पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी ती गाळ्यावर गेली. शेठने तिला कामावर घेतलं नाही. पगाराचं पाकीट मात्र तयार ठेवलं होतं. गंगू मान खाली घालून काम करत होती. फळीवरचे ते सहा पीस तिच्या टेबलावर उघडून ठेवलेले होते. प्रत्येक गुंडाळीत कागद जात होता. नीलिमाने ते उभ्या उभ्या पाहिलं, पाकीट घेतलं आणि निघाली.

पावसाळ्याआधी तिने अंबरनाथला दुरुस्तीचं टेबल टाकलं. पहिलं काम मोरिवलीतूनच आलं. सगुणाबाईने बटणं दाबून दाबून रिमोट मोडला होता.