एका मुलीची हरकत

पत्रकांच्या पिशवीत परवा जुना पेनड्राइव्ह सापडला आणि पोंभुर्ण्यापलीकडच्या एका गावातलं, नव्या धानाच्या वासानं भरलेलं ते समाजमंदिर आठवलं. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथल्या पोरांसाठी सुपरहिरोंचे झाडून सगळे सिनेमे आणि मालिका घेऊन गेलो होतो, आणि ज्या क्रमानं प्रदर्शित झाले त्याच क्रमानं पाहायचे, असं ठणकावलं होतं. सगळ्यांनी माना हलवल्या. एकच मुलगी म्हणाली, “मी सोमवारी होस्टेलले चालली. त्या मुखवटेवाल्या हिरोइनचं शेवटी काय होते, मले कसं दिसन?” मी म्हटलं, हात वर करा, बहुमतानं ठरवू. तशी एक म्हातारी बाई उखडलीच, “आमच्या गावात हात मोजत नाई, भाऊ. एकाची बी हरकत असली तं ठराव होत नाई.” तासभर बोलणं झालं आणि मुखवटेवालीचे सिनेमे आधी लावायचे ठरले, शेवटच्यासकट. “अरे, शेवट आधीच पाहिला तर तुमची मजा जाईल!” मी चिडलो. त्या मुलीची मैत्रीण म्हणाली, “आमची थोडी जाईन. तिची तं पुरीच जात होती ना!” लोकशाहीवर ढीगभर पत्रकं लिहिली मी, पण हे त्यांतल्या एकातही नव्हतं. आता आमच्या संघटनेच्या सभेत हात मोजून झाले, की खाली राहिलेल्या हाताला मी आधी बोलायला लावतो.