हात ठेवा, चेहरा बदला

माझ्या आईच्या गालावर त्यांनी लाल ठिपका ठोकला.

आमची पद्धतच ती. वेबसाइटचा नमुना ऑनलाइन उघडायचा, खटकेल तिथे क्लिक करायचं. ठिपका उमटतो. शेजारी शेरा लिहायचा. सगळ्यांना दिसतो.

जळगावच्या एका छोट्या ऑफिसात मी वेबसाइट बनवत होते. काम केळी निर्यात करणाऱ्या कंपनीचं. खरे फोटो हवेत, असं त्यांनीच सांगितलेलं. मी आईचा लावला. चोपड्याकडच्या बागेत मजुरीवर, खोक्यात केळीच्या फण्या भरताना.

कंपनीच्या पुण्यातल्या मॅडमचा शेरा: 'ही बाई नको. चेहरा अस्वच्छ वाटतो.'

खाली त्यांच्याच एकाचा: 'एआयने चेहरा बदला. हात राहू द्या. हात ऑथेंटिक आहेत.'

त्याखाली हसऱ्या इमोजी. एक माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याची.

मी आमच्या मालकांकडे गेले. "भाऊ, ती माझी आई आहे."

भाऊ म्हणाले, "अगं, मग तर घरचंच झालं! आईला काय कळतंय? टाक बदलून."

जागेवर आले. नोकरी गेली तर त्याच बागेत, आईच्या शेजारी. पदवी घेतलेली घरातली मी पहिली. सगळं गाव ओळखतं त्यासाठी. चेहरा वेगळा काढायला मी त्याभोवती रेघ ओढायला घेतली. हनुवटीपासून कानापर्यंत आले.

आणि आठवलं. मोबाइल समोर धरला तेव्हा आईनं विचारलं होतं, "बठ्ठासले दिसस का वं मी?"

"हो, सगळ्यांना."

"मंग थांब. तोंड धुईसन येस."

माझा हात थांबला. रेघ पुसली. शेऱ्याखाली स्वतःच्या नावानं लिहिलं: 'ही माझी आई. तोंड धुऊन उभी राहिली होती. चेहरा बदलणार नाही.'

सगळ्यांचे फोन वाजले. भाऊ धावत आले. "मिटव ते! आत्ता मिटव!"

"नाही मिटवत, भाऊ."

संध्याकाळच्या आत माझं लॉगिन बंद.

आता धुळ्यात काम शोधतेय. अनुभवाचा दाखला नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण तुम्हाला आमचे हात दाखवून माल विकायचा असेल, तर वरचं तोंडही बघावं लागेल. ते बघवत नसेल तर हातही मिळणार नाहीत. आईचे नाहीत. माझेही नाहीत.