खैरुनबीचं पांढरं पाणी

दारव्ह्याहून दिग्रसला जाताना वाटेत एक गाव लागतं. तिथली खैरुनबी कावीळ उतरवायची. नवरा कल्हईवाला होता, तो तरुणपणीच गेला. पुढे सासू गेली, पण जाताना कावीळ उतरवायची विद्या सुनेच्या हाती देऊन गेली. बुधवारी अन् रविवारी खैरुनबी दर्ग्यातल्या आंब्याखाली बसायची. आंब्याची साल वाटीतल्या पाण्यात उगाळायची, ते पाणी आजाऱ्याच्या हातांना चोळायची, पीरबाबाचं नाव घ्यायची, आणि मग ते हात परातीतल्या चुन्याच्या पाण्यात धुवायची. पाणी बघता बघता पिवळंजर्द व्हायचं. लोक म्हणायचे, निघाली बाप्पा कावीळ.

आता खरं सांगायचं तर खैरुनबीला यातलं गुपित ठाऊक होतं. एकदा साल उगाळून झाल्यावर तिनं सहज स्वतःचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले, तर तेही पिवळं. धडधाकट बाईचे हात. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. बाबा खोटा की सासू खोटी? शेवटी तिनं तो विचारच सोडून दिला, कारण एव्हाना तिला दुसरं काही कळलं होतं. बहुतेक कावीळ तेल-तिखट सोडून पडून राहिलं की आपसूक उतरते. जी उतरत नाही ती तोंडावर दिसते. माणूस पेंगतं, भलतंसलतं बडबडतं. असं कोणी आलं की ती साल उगाळल्याचं नुसतं सोंग करायची आणि हातांना कोरं पाणी चोळायची. परातीतलं पाणी पांढरंच राहायचं. "हे बाबाच्या हातचं नाही," ती म्हणायची, "आजच्या आज दवाखान्यात न्या."

आणि डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येणारी तीच माणसं मुकाट्यानं बंडी जुंपायची. दारव्ह्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर घनश्याम बाजारात भेटला की सांगायचा, "तुमच्या पांढऱ्या पाण्याचा अजून एक वाचला, खैरुनबी." तिला बरं वाटायचं. बाबाचंच काम होतं ते, कसं का होईना.

एकोणीसशे एकोणसाठच्या भादव्यात गावात घरोघर कावीळ झाली. एका बुधवारी दुपारी भगवानराव आणि त्याची बायको भागीरथा सुनेला बंडीत घालून घेऊन आले. इंदू तिचं नाव. सातवा महिना. डोळे हळदीसारखे, मान सारखी कलंडत होती. पोटुशी बाई अन् अशी झोप. आजचा दिवस गेला तर ही पोरगी हाती लागत नाही, हे खैरुनबीला स्वच्छ दिसलं.

तिनं नेहमीचं सोंग केलं, कोरं पाणी चोळलं आणि इंदूचे हात परातीत धरले.

पाणी पिवळं झालं.

वारा पडलेला होता. आंब्याचं पान हलत नव्हतं. रंग इंदूच्या हातांपासून सुटला नव्हता, परातीच्या बुडातून वर येत होता, हळूहळू, कोणी खालून ढवळावं तसा. खैरुनबीनं ते पाणी फेकलं, परात राखेनं घासली, भागीरथाच्याच चंचीतला चुना मागून घेतला आणि पुन्हा हात बुडवले. या खेपेला रंग जास्त गडद आला. तेवढ्यात दोन दिवस न बोललेल्या इंदूनं डोळे उघडले, पाण्याकडे पाहिलं आणि ओळखीचं कोणी भेटावं तशी हसली.

भगवानरावानं दर्ग्याकडे हात जोडले. "उतरली. चला घरी."

"नका नेऊ घरी," खैरुनबी म्हणाली. "दवाखान्यात न्या. पाण्यावर जाऊ नका, भाऊ. मी इतके वर्स तुमाले फसवून राह्यली. हे सालीनं पिवळं होते, काविळीनं नाही." तिनं साल आणि वाटी त्यांच्यापुढे ठेवली.

भागीरथानं साल उचलून पाहिली. साल कोरडी होती. वाटीतलं पाणी स्वच्छ.

"आज तं तुम्ही साल लावलीच नाही," ती म्हणाली.

"नाही लावली. तेच सांगून राह्यली मी."

"मंग पिवळं कायनं झालं?"

भागीरथा खैरुनबीच्या पाया पडली. खैरुनबी खरं सांगायला गेली आणि तिच्याच तोंडून चमत्कार पक्का झाला, असं झालं ते. बंडी घराकडे वळली. खैरुनबी शिवेपर्यंत मागं धावत गेली, हातापाया पडली, पण कोणी ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी इंदू पोटातल्या लेकरासकट गेली.

आठ दिवसांनी भागीरथा परत आली. भांडायला नाही, नारळ घेऊन. "पाणी तं पिवळं आलतं, बाई. तिचं आयुष्यच तेवढं." मागे तिचा मुलगा भीमराज उभा होता, इंदूचा नवरा. त्याचेही डोळे पिवळे आणि तो उभ्या उभ्या पेंगत होता. "आता याची उतरवा. बाबा आमच्या पाठीशी हाय."

साल खैरुनबीनं हातात घेतलीच नाही. भीमराजला तिनं आपल्यासमोर, माणसांकडे पाठ करून बसवलं, पदर आडवा धरला आणि त्याचे हात बुडवले. बुडातून रंग वर येताना तिला दिसला. कोणी डोकावायच्या आत तिनं अख्खी परात आंब्याच्या मुळाशी ओतली.

"पांढरं आलं," ती म्हणाली. "बाबा नाही म्हणते. जुंपा बंडी."

भीमराज वाचला. महिन्याभरानं दारव्ह्याहून चालत आला आणि दर्ग्यात माथा टेकून गेला.

पुढे खैरुनबी बारा वर्षं जगली. साल तिनं पुन्हा उगाळली नाही आणि कोणाच्याही हातांचं पाणी माणसांना पाहू दिलं नाही. पदराआड परात धरायची, ओतायची आणि पांढरं म्हणायची. त्या भागातली सगळी कावीळ दवाखान्यात जाऊ लागली. ती मेल्यावर लोकांनी अंगारा म्हणून आंब्याखालची माती उकरली. कोपरभर खोल पिवळी होती.