फेऱ्या मारणारे प्रेक्षक

"थांबा, सूर लागू द्या," असं म्हणून काका उजवा हात कानामागं धरायचे, डोळे मिटायचे आणि घशातल्या घशात एक लांब 'सा' लावायचे. मग बोलायचे. गाण्याआधी कुणी असं केलं तर तुम्हाला नवल वाटणार नाही. काका दूधवाल्याला अर्धा लिटर जास्त सांगायच्या आधीही हेच करायचे. दूधवाला कॅन जमिनीला टेकवून मुकाट्यानं उभा राहायचा.

तुमच्याही कॉलनीत असा एखादा असेल. पडेगावच्या आमच्या कॉलनीत हे होते. सत्तरी ओलांडलेली, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकटेच राहायचे. गुलमंडीवरच्या एका कापडाच्या दुकानात त्यांनी चाळीस वर्षं कापड फाडलं होतं. मूळचे पिशोरचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. "आवाज मेंढरांनी दिला, सूर दुकानातल्या रेडिओनं," असं ते सांगायचे. "मालकाला बातम्या लागायच्या, मला नाट्यसंगीत. मालक जेवायला गेला की काटा फिरवायचो."

मी बाग समितीची सचिव आहे. हे पद मला मिळालं, कारण पहिल्या बैठकीला वही घेऊन आलेली मी एकटीच होते. बागेतले नळ, बाक, दिवे, माळ्याच्या सुट्ट्या, सगळं माझ्या वहीत असतं. काका मला सेक्रेटरीबाई म्हणायचे, आणि काम असलं की ताई.

दोन वर्षांपूर्वी ते वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले तेव्हा दारातूनच ताई म्हणाले. वस्तीतल्या बागांमध्ये उघड्यावर संगीत नाटकं व्हावीत म्हणून सरकारी अनुदानाची योजना निघाली होती. अर्ज बाग समितीनं करायचा. पहिला प्रयोग चाचणीचा. त्याचा अहवाल मान्य झाला तर पुढची तीन वर्षं भागातल्या सगळ्या बागांत प्रयोग करायला मिळणार होते.

"नाटक आहे का तुमच्याकडे?" मी विचारलं.

"हाय की. सोताच लिवलंय. सतरा पदं हायेत."

"आणि माणसं?"

"ती बी हायेत. तुम्ही फकस्त अर्ज लिवा." मग खुर्चीत बसून ते जरा हळू आवाजात म्हणाले, "पोरगं म्हणतंय, पुण्याला या. तीनदा म्हणून झालं. मी म्हणलं, थांब, तीन वर्षांचं काम येऊ लागलंय. काम असलेल्या माणसाला कुणी हलवत नाय, ताई."

हे त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. मला ते माहीत होतं.

नाटकाची गोष्ट साधी होती. एका सरदाराची मुलगी आई गेल्यापासून बोलत नाही. वैद्य होतात, मांत्रिक होतात, शेवटी एक मेंढपाळ तिला बोलतं करतो. मेंढपाळ स्वतः काका. संहितेत त्याचं वय बत्तीस लिहिलं होतं. मुलीचं काम एका निवृत्त नर्सबाईंकडं, पेटीवर त्यांचे यजमान, आणि सरदार म्हणून एक जुने पोस्टमन. नर्सबाईंना शेवटच्या प्रवेशापर्यंत तोंड उघडायचं नव्हतं, त्यामुळे पाठांतराबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. तबल्याला सलीमभाई. ते रिक्षा चालवायचे आणि तबला मागच्या सीटवर बसवून आणायचे. एकदा त्यांनी एका गिऱ्हाइकाला सांगितलं होतं, "जरा सरक के बैठो भाई, उस्ताद बैठे हैं."

प्रयोग साडेतीन तासांचा होता. बागेत माइकची परवानगी साडेसातपर्यंत आणि सुरुवात पावणेसहाच्या आत अशक्य, कारण त्याआधी ऊन. मी पट्टी घेऊन बसले आणि पदांच्या यादीवर रेघा मारायला लागले. काका समोर बसून प्रत्येक रेघेकडं पाहत होते.

"हे काढलं तर मांत्रिक येणार कसा?"

"चालत येईल. गाणं म्हणत कशाला यायला हवं?"

"आन् हे पद काढलं तर पोरगी बोलणार कशी?"

"गद्यात बोलेल."

त्यांनी हात कानामागं नेला, डोळे मिटले, 'सा' लावला, आणि नुसतेच बसून राहिले. मी ते पद ठेवलं. सतरातली नऊ राहिली. लग्नाचा पूर्ण शेवटचा अंक गेला. नाटक मुलीच्या बोलण्यावर संपवायचं ठरलं.

प्रयोग फेब्रुवारीतल्या एका शनिवारी होता. मी एकशेवीस खुर्च्या मागवल्या होत्या. आमच्या समितीचे अध्यक्ष देशमुख यांनी नारळ फोडला, दोन शब्द बोलले, आणि जिथं नाटक व्हायचं त्या ओट्यावरून उतरून थेट चालायला लागले. देशमुखांची गावाकडं मोठी जमीन, इथं बँकेत हुद्दा, आणि डॉक्टरांनी सांगितलेली रोजची दहा हजार पावलं. त्यांच्या मागं इतरही चालायला लागले. तुम्ही कुठल्याही बागेत संध्याकाळी गेला असाल तर तुम्हाला हे माहीत असेल. लोक बागेत बसायला येत नाहीत. फिरायच्या वाटेवरून फेऱ्या मारतात आणि मनगटावरच्या घड्याळात बघतात.

आमची वाट ओट्याच्या मागून वळते. एक फेरी सात मिनिटांची. त्यामुळे चालणाऱ्यांना नाटक सात-सात मिनिटांच्या अंतरानं दिसत होतं. दुसऱ्या फेरीला देशमुख माझ्या खुर्चीजवळ पावलं कमी न करता म्हणाले, "बोलली का पोरगी?"

"नाही अजून."

तिसऱ्या फेरीला, "बोलली का?"

"नाही."

चौथ्या फेरीला त्यांनी बोलायचे कष्ट घेतले नाहीत, भुवया उडवल्या. मी मान हलवली. त्यांच्या मागून येणाऱ्या पाटीलबाई वळणावरच्या दुसऱ्या बाईंना म्हणाल्या, "त्या मांत्रिकाला काही जमायचं नाही, बघा तुम्ही." आणि पुढं गेल्या.

अहवालाचा छापील नमुना माझ्याकडं होता. 'प्रयोगाच्या मध्यावर मोजणी करून उपस्थित प्रेक्षकांची संख्या नोंदवावी.' किमान शंभर हवेत, ही अट मी आधीच लाल पेनानं अधोरेखित केली होती. साडेसहाला पाच मिनिटांचं मध्यंतर झालं. मी उभी राहिले, रांगेनं मोजलं. त्रेसष्ट. मांडीवरची दोन बाळं धरून.

काका तोंडाला रंग लावलेले, खांद्यावर घोंगडं, घामेजलेले, जवळ आले.

"किती?"

"त्रेसष्ट."

त्यांनी वाटेकडं हात केला. तिथं पन्नासेक माणसं फेरीत होती. "आन् हे?"

"ते चालतायत काका."

"चालणारे काय कान घरी ठिवून येतात व्हय?"

मी नमुना पुन्हा वाचला. चालणारा माणूस बागेत उपस्थित आहे, हे खरं. पण तो प्रेक्षक आहे का? मिनिटभर मी त्यावर विचार केला, जास्त नाही. माझ्या वहीत आजवर एकही खोटी नोंद नव्हती. मी पेनानं त्रेसष्ट लिहिलं, पुढं वेळ लिहिली, सही केली. काकांनी ते पाहिलं. "बरं," म्हणाले आणि ओट्यावर गेले.

सात वाजून वीस मिनिटांनी नर्सबाईंनी तोंड उघडलं. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या आणि आवाज वरच्या पट्टीत थोडा फाटत होता. पण दीड तास जी बाई एक शब्द बोललेली नाही तिनं एकदम गायला सुरुवात केली की काय होतं, ते मी तेव्हा पाहिलं. आधी देशमुख थांबले. मग त्यांच्या मागचे, त्यांना धडकू नये म्हणून. मग पूर्ण वाट थांबली. व्यायामाच्या यंत्रावरच्या दोन बायका पाय अधांतरी ठेवून थांबल्या. कुंपणाबाहेर दोन रिक्षा आणि एक गोळेवाला थांबला. पदाच्या मध्ये काकांचा आवाज आला, डोंगरापलीकडच्या कळपाला हाक मारावी तसा, माइकपासून तोंड बाजूला घेऊन.

पद संपल्यावर वाटेवरून देशमुखांनीच आरोळी दिली, "वन्स मोअर!" खुर्च्यांतूनही दोन-चार आवाज आले. काकांनी माझ्याकडं पाहिलं. सात सव्वीस झाले होते. मी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. काकांनी लोकांना हात जोडले.

मला ती थांबलेली वाट दिसली होती. पुढं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून हे स्पष्ट लिहिते. दिसली होती. पण मोजणी मध्यावर करायची होती आणि ती झाली होती. अहवालात खाली 'शेरा' असा रकाना होता. त्यात मी लिहिलं, 'कार्यक्रम वेळेत संपला.' मग खुर्च्या परत करायची यादी काढली. एकशेवीसमधल्या एकशेएकोणीस निघाल्या. एक सोमवारी पाण्याच्या टाकीमागं सापडली.

दीड महिन्यानं पत्र आलं. किमान उपस्थितीची अट पूर्ण न झाल्यानं पुढील तीन वर्षांसाठी विचार करता येत नाही. मी ते घेऊन काकांकडं गेले. त्यांनी चष्मा शोधला नाही, मलाच वाचायला सांगितलं. वाचून झाल्यावर थोडा वेळ ते आपल्या गुडघ्यावरची धूळ झटकत राहिले. धूळ नव्हती.

"त्रेसष्ट म्हंजे लई झाले की ताई," ते म्हणाले. "पिशोरला आमच्या पहिल्या प्रयोगाला अकरा होते. त्यात चार नट."

मी हसले नाही. त्यांना मी हसावं असं वाटत होतं, हे कळत होतं.

"देशमुख धरले होते का त्यात?"

"ते चालत होते."

"व्हय," काका म्हणाले. "चालतच होते."

एवढंच. यापुढं त्यांनी हा विषय माझ्याकडं कधी काढला नाही. काढला सलीमभाईंनी. दाराबाहेर रिक्षा उभी करून, न उतरता. "इत्ते लोगां खडे थे बाई. अंधे कू भी दिखते. एक पेन च तो था तुम्हारे हात में." मी म्हटलं, नियम होता. ते म्हणाले, "हौ, नियम तो था," आणि रिक्षा वळवून गेले.

मला वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. जेवढं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या दिवशी टाकी धुवायची होती, ती धुऊन घेतली. नवीन रोपांसाठी खड्डे मोजून दिले. एक-दोनदा मनात आलं की पुरवणी पत्र लिहावं, वाटेवर उभ्या राहिलेल्यांची नावं घालून. नावं मला सगळी माहीत होती. कामांच्या यादीत ते नवव्या क्रमांकावर होतं. आठव्यापर्यंत पोचेपर्यंत जून उजाडला.

जूनमध्ये काकांचा मुलगा गाडी घेऊन आला. चांगला, शांत मुलगा. "काकू, बाबांचं सामान बांधायला जरा मदत कराल?" असं त्यानं मला विचारलं, कारण कॉलनीत अशा कामाला मलाच बोलावतात. मी खोक्यांना क्रमांक दिले. एक, भांडी. दोन, कपडे. तीन, औषधं आणि कागदपत्रं. सरदाराचा जिरेटोप, घोंगडं, मुलीचा शालू यांचं खोकं अकरावं होतं. मुलगा म्हणाला, "हे ठेवायला तिकडं जागा नाही हो. अकराव्या मजल्यावर दोनच खोल्या." काका म्हणाले, "नर्सबाईला द्या." मी यादीत अकरावर रेघ मारली आणि बाजूला नर्सबाईंचं नाव लिहिलं.

निघताना ते पुढच्या सीटवर बसले. "यादीत मला बी टाका," खिडकीतून म्हणाले. "न्हाईतर इथंच राहून जाईन." मुलगा हसला. गाडी पिशोरकडं जाणाऱ्या दौलताबादच्या रस्त्याला लागली नाही, मोठ्या रस्त्यानं उलट दिशेला गेली, आणि मी घरी येऊन भात लावला.

महिन्याभरानं मी फोन केला. सामान नीट पोचलं का, तिसऱ्या खोक्यातलं रक्तदाबाचं औषध सापडलं का, हे विचारायचं होतं. सगळं पोचलं होतं. सापडलं होतं.

"तिकडं बाग आहे का काका?"

"हाय. लई झ्याक हाय. खाली उतरलं की बाग. फाटकावर पाटी लावलीय, गाणं-वाजवणं मना."

"मग काय करता?"

"चालतो," ते म्हणाले. "सगळेच चालतात."

"किती फेऱ्या होतात रोज?" मी विचारलं.

पलीकडून 'सा' आला नाही.

"त्ये काय मोजत नाय मी, ताई," ते म्हणाले. "ठेवतो."

मी फोन ठेवला. वहीत त्या दिवसाच्या कामांत 'काका, फोन' असं लिहिलं होतं. त्यापुढं बरोबरची खूण केली आणि खालचं काम वाचलं.